फूट इंग्रजांचा, मग वीत कुणाची?

गवंड्याची लेक: काल एकाने लिहिलं, फूट म्हणजे इंग्रज राजाच्या पायाची लांबी, १९५६ला मेट्रिक कायदा होऊनही आपण घरं त्याच्या पायाने मोजतो, ही गुलामी. वाचून डोकं फिरलं. फूट रोमनांकडेही होता, साधारण २९.६ सेंटिमीटरचा. तिथे कुठला इंग्रज राजा? आणि अंगाने मोजणं आपल्याला परकं कधी होतं? वीत, हात, अंगुळं कुणाची? माझे वडील गवंडी. वाळू ब्रासने यायची, म्हणजे १०० घनफूट. कॉलमच्या पायाला ते फुटिंगच म्हणायचे, ग्रिलचा भाव रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. चौथी शिकलेला माणूस, सगळा हिशेब तोंडी. त्यांना गुलाम म्हणणारे तुम्ही कोण?

निवृत्त भूमापक: ताई, राजाची दंतकथा सोडा, तिथे तुमचं बरोबर. पण घोळाचं काय? गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. सातबारावर आर, १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०७६. लोक दोन्ही एकच धरतात. चाळीस गुंठ्यांत जवळपास अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. एवढ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत मी.

तिसरा मजला: बांधाचं राहू द्या, फ्लॅटचं बोला. मला ६५० फूट सांगून विकला. आत टेप लावली तर ४७० भरला! म्हणे सुपर बिल्टअप. जिना, लिफ्ट, लॉबी, सगळं माझ्या माथी. वीस वर्षं हप्ते फेडतोय.

गवंड्याची लेक: यात फुटाचा काय दोष? चौरस मीटरमध्येही जिना धरून विकलाच असता.

तिसरा मजला: दोष आहेच! मीटर सामान्य माणसाला कळत नाही, फूट कळतो, म्हणून फूट फुगवतात.

वकीलबाई: २०१६च्या रेरा या घरखरेदीच्या कायद्याने कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची, व्याख्या ठरवलीय. बाहेरच्या भिंती, बाल्कनी वगळायची. आतल्या भिंती धरायच्या.

तिसरा मजला: आतल्या भिंती धरायच्या? भिंतीत कपाट ठेवू की पलंग?

वकीलबाई: आवाज खाली. व्याख्या मी केलेली नाही. आधी जो तो आपलं माप सांगत होता, आता निदान एक आहे.

तिसरा मजला: असेल. माझं घर त्याच्या आधीचं, मला काय उपयोग!

निवृत्त भूमापक: मूळ मुद्द्यावर येतो. १९५९पासून आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर. फुटाला स्वतःचा आधारच उरला नाही, तो मीटरवर उभा आहे. मग थेट मीटरच का नको?

गवंड्याची लेक: कारण माणसं फुटात विचार करतात. उंची विचारली तर तुम्ही पाच फूट सात इंचच सांगाल. नऊवारीचा वार म्हणजे तीन फूट, ती काय सव्वाआठ मीटरची मागायची? खरेदीखतात चौरस मीटर लिहा, तेवढं मान्य, तेही तुमच्या भावांच्या भांडणासाठी. पण साइटवर कुणी फूट म्हटलं म्हणून त्याला लाज वाटायला लावू नका.

निवृत्त भूमापक: लाज हा शब्द माझा नव्हता. पण वाटणीपत्रात नुसतं ‘वीस गुंठे’ लिहून आणलंत, तर मी परतच पाठवेन.

तिसरा मजला: आणि मधले १८० फूट? त्याचं कुणीच बोलत नाही.