मदत हवी आहे : नसेची चिप नागपुरात कुठे बसवतात?

शेतकरी_आर्वी
लहान भावाला सोयाबीनच्या वेळी थ्रेशरवर लागलं. जखम भरली, पण मनगट लोंबते, बोटं वर होत नाहीत. डॉक्टर म्हणतात वाट पाहा. थकलो आता. मोबाइलवर पाहिलं, स्वित्झर्लंडमध्ये कुर्तीन नावाच्या शास्त्रज्ञानं चिप बसवून लुळा माणूस चालवला. तशी हातासाठी नागपुरात कुठे बसवतात? खर्च किती? मालिश सांगणाऱ्यांनी लिहू नये.

अस्सल_वऱ्हाडी
मालिश नाही सांगत भाऊ, पण आमच्या काकाले मोहाच्या तेलानं लय फरक पडला.

फिजिओताई
कोणता हात? यंदाचं सोयाबीन की मागचं? हाड मोडलं की नुसतं कापलं? नेमकं कुठे?

शेतकरी_आर्वी
उजवा. बाकी सांगून काय होते? चिप मिळते का ते सांगा ना.

गॅजेटगुरू
मस्कच्या कंपनीनं जानेवारी 2024 मध्येच माणसाच्या मेंदूत बसवली. थोडा धीर धरा, इथेही येईल.

उंदीरवाला
मेंदूचं कोणी विचारलं? कुर्तीन यांचं काम मज्जारज्जूचं. 2023 मधल्या त्या डच माणसाच्या मेंदूतले संकेत यंत्रानं कंबरेकडच्या मज्जारज्जूला पोचवले. पायाच्या नसा त्याच्या शाबूत होत्या. तुमच्याकडे पंपाची केबलच तुटली असेल तर स्टार्टर बदलून मोटार चालेल का? नसेसाठी कॅनडाच्या टेसा गॉर्डन यांचं काम वाचा: नस शिवल्यावर तासभर 20 हर्ट्झचा सौम्य करंट दिला तर उंदरांत तंतू लवकर वाढू लागतात. पण आधी शिवायला पाहिजे.

अस्सल_वऱ्हाडी
पंपावरून आठवलं, दिवसा लाइन कोणाकडे येऊन राहिली? आमच्याकडे रातच्यालेच.

बापू_दर्यापूर
काही करू नका. माझ्या साळ्याचं दंडाचं हाड मोडलं, मनगट असंच पडलं. बी-12 च्या गोळ्या घेतल्या, चार महिन्यांत आपोआप उठलं.

फिजिओताई
बापू, तुमच्या साळ्याची नस बहुधा दबली होती, ती गोळ्यांशिवायही आली असती. कापलेली नस गोळीनं जुळत नाही. धागाकर्ते, उत्तर द्या.

बापू_दर्यापूर
ताई, आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं खोटं का?

शेतकरी_आर्वी
यंदाचंच, दसऱ्यानंतर. पत्रा घुसला. कोपराच्या चार बोटं वर, बाहेरून. सात टाके. हाड शाबूत. मनगट तेव्हाच पडलं.

फिजिओताई
अहो, हे आधी सांगायचं! हाड मोडून मनगट पडलं तर वाट पाहतात. धारेनं कापून पडलं तर नस तुटली असंच धरायचं आणि लवकर उघडून पाहायचं. पाच महिने तर गेलेच. शिवलेली नस रोज साधारण 1 मिलिमीटर वाढते, आणि स्नायू वर्ष-दीड वर्षच तिची वाट पाहतो. सुदैवानं तुमची जखम स्नायूंच्या जवळ आहे. एनसीव्ही-ईएमजी (नस आणि स्नायूंची विजेची तपासणी) करून नसेची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जनला दाखवा. मध्ये अंतर पडलं असेल तर पायाची एक नस काढून जोड देतात. तेही जमलं नाही तर चालू स्नायूचा टेंडन (हाडाला जोडणारी दोरी) वळवून मनगट उचलतात. तोवर मनगटाला स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावा, नाहीतर सांधे आखडतील.

शेतकरी_आर्वी
म्हणजे चिप नाहीच?

फिजिओताई
नाही.

शेतकरी_आर्वी
ठीक. सोमवारी नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेतो. कागद कोणते लागतील?

अस्सल_वऱ्हाडी
आधार, रेशनकार्ड अन् टाक्यांचा जुना कागद. पहिली एसटी धरा भाऊ, चिठ्ठीची रांग लय मोठी असते. अन् लाइनचं कोणी सांगितलंच नाही.