ठाणे-नवी मुंबई: खरा सावरडो आणि कुरकुरीत कनोली देणारी बेकरी ओळखायची कशी?

घोडबंदरकर
नौपाडा, पाचपाखाडी, हिरानंदानी इस्टेट आणि पलीकडे वाशी, सीवूड्स, खारघर इथल्या छोट्या बेकऱ्यांच्या पाट्यांवर हल्ली सावरडो (विकतच्या यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठाने फुगवलेला पाव), चाबाता, फोकाचिया असे इटालियन पाव सर्रास दिसतात. काही ठिकाणी कनोली (रिकोटा चीजचं गोड सारण भरलेली तळलेली नळी) आणि तिरामिसू (कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीमचं गोड) हेही असतं. दर वेगळे आणि माल त्याहून वेगळा. सावरडो म्हणून घेतलेला पाव कधी नुसताच आंबट आणि आतून साध्या सँडविच ब्रेडइतका मऊ निघतो. कनोलीचं कवच घरी पोचेपर्यंत नरम पडतं. काउंटरवर उभं राहून, न चाखता हे ओळखायचं कसं? काय विचारायचं? घरात अंडं चालतं, डुकराची चरबी आणि जिलेटिन चालत नाही. पावसाळ्यात पाव कसा टिकवायचा तेही सांगा.

पीठ_पाणी_मीठ
सावरडोपुरतं सविस्तर लिहितो.

आधी घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. सावरडोत पीठ, पाणी, मीठ एवढंच हवं. स्टार्टर म्हणजे आंबवलेलं पीठ-पाणीच. यीस्टसोबत व्हिनेगर, सायट्रिक आम्ल किंवा सावरडो पावडर लिहिली असेल तर तो यीस्टने फुगवून वरून आंबट केलेला पाव. २८२ हा क्रमांक कॅल्शियम प्रोपिओनेटचा, बुरशी रोखण्यासाठी. रोज ताजं भाजून विकणाऱ्याला तो लागत नाही. 'ब्राऊन' किंवा 'मल्टिग्रेन' पावाच्या यादीत १५० दिसला तर तो कॅरॅमल रंग आहे. वेगळं ग्लूटेन लिहिलेलं असेल तर मात्र बिचकू नका. आपल्या मैद्यात प्रथिनं साधारण ९ ते ११ टक्के असतात आणि पावाला आतून मोठी जाळी पडायला १२ च्या आसपास लागतात, म्हणून ते घालतात.

मग विचारा: पीठ किती तास आंबतं आणि फ्रिजमध्ये ठेवता का? आपल्याकडच्या ३०-३२ अंशांत, पिठाच्या २० टक्के स्टार्टर असेल तर पहिलं आंबणं चार-पाच तासांत उरकतं. त्यानंतर आकार देऊन ४ अंशांना १२ ते १८ तास ठेवलं की चव खुलते. हे ज्याला न अडखळता सांगता येतं, तो बहुधा स्वतः पीठ हाताळतो.

एप्रिल-मेमध्ये पीठ जास्त आंबण्याचा धोका मोठा. तसा पाव बसका होतो आणि कितीही भाजला तरी फिकाच राहतो, कारण पिठातली साखर आंबण्यातच संपलेली असते. कमी आंबलेल्या पावात वरच्या कवचाखाली एक-दोन मोठी भुयारं आणि खाली घट्ट, चिकट थर असतो. कुणी काप मागितला असेल तर त्यावरून हे लगेच कळतं.

रंग गडद तपकिरी हवा. २३०-२४० अंश आणि पहिली १५-२० मिनिटं वाफ मिळाली नाही, तर कवच लवकर आवळतं आणि पाव भलत्याच बाजूने फुटतो. तळावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज यावा. गरम पाव मशीनवर कापून मागू नका. किमान दोन तास थंड झाल्याशिवाय आतला गाभा बसत नाही, पात्याला चिकटतो.

नेरूळ_ईस्ट
इटालियन प्रकारांना सावरडोची फूटपट्टी लावू नका. चाबातात यीस्ट असतं आणि असायलाच हवं. हा पाव जुना नाहीच. १९८२ मध्ये व्हेनेतो प्रांतातल्या अद्रियात, फ्रेंच 'बॅगेट' पावाला उत्तर म्हणून तयार झाला. १०० ग्रॅम पिठाला ७५-८० ग्रॅम पाणी, त्यामुळे तो चपटा आणि वेडावाकडाच हवा. गोल, गुळगुळीत, सारख्या आकाराचे 'चाबाता बन' म्हणजे पाणी कमी केलेलं पीठ. फोकाचियाचा तळ उलटून बघा, तळल्यासारखा सोनेरी हवा. तळ पांढरा असेल तर ट्रेमध्ये तेल कमी होतं किंवा ओव्हन खालून तापला नव्हता.

कनोलीला एकच नियम: भरलेली घेऊ नका. काचेच्या फ्रिजमध्ये ओळीने भरून ठेवलेल्या नरम पडणारच, कारण रिकोटाचं पाणी आतून आणि फ्रिजची ओल बाहेरून लागते. समोर भरून द्यायला सांगा, नाहीतर कवच आणि सारण वेगळं घ्या. आतून चॉकलेटचा थर दिलेला असेल तर ते चांगलं लक्षण, ओल अडते. रिकामी कवचं हवाबंद डब्यात आठवडाभर सहज राहतात. सारण घरी करायचं तर रिकोटा चक्क्यासारखा फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगा, २५० ग्रॅमला ७०-८० ग्रॅम पिठीसाखर घाला आणि बारीक चाळणीतून घासून काढा.

चरबीबद्दल: सिसिलीत कवचाच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी असते. इथे बहुतेक लोणी, तूप किंवा तेल वापरतात, पण आयात केलेली तयार कवचं असतील तर पाकीट मागून वाचा. फक्त मांसाहारी चिन्हावर विसंबू नका. आपल्याकडे अंड्यालाही तेच चिन्ह लागतं, त्यामुळे आत अंडं आहे की जिलेटिन हे त्यावरून कळत नाही. पन्ना कोत्ता आणि मूस या क्रीमच्या गोड पदार्थांत जिलेटिन आहे का, मुद्दाम विचारा.

स्फोलियातेल्ला (पापुद्र्यांची इटालियन पेस्ट्री) कुठे दिसली तर बाहेरून शिंपल्यासारखे सुटे, पातळ पापुद्रे आहेत का बघा. खारीच्या पिठाचा त्रिकोण दुमडून तेच नाव दिलेलं असेल तर पैसे घालवू नका.

घोडबंदरकर
दोघांचे आभार. एगलेस तिरामिसू घेण्यात अर्थ आहे का? आणि क्रोसाँमध्ये लोणी आहे की मार्जरिन, कसं कळणार?

नेरूळ_ईस्ट
तिरामिसूतली बिस्किटं फेटलेल्या अंड्यांवरच फुलतात. एगलेसमध्ये त्याजागी स्पंजचा केक येतो, तो कॉफीत भिजून लगदा होतो. मस्कारपोने (मलईदार इटालियन चीज) खरं असेल तर तरीही चव बरी लागते. त्याऐवजी व्हिप टॉपिंग (फेटून फुगवायचं तयार नकली क्रीम) असेल तर घेऊ नका. 'क्रीममध्ये मस्कारपोने किती?' हा प्रश्न सरळ विचारावा. वाशीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला न्यायचं तर सोबत बर्फाचा पॅक हवाच.

लोणी_८२
लोणी ३२ ते ३५ अंशांत वितळतं, म्हणून लोण्याचा क्रोसाँ तोंडात स्वच्छ विरघळतो. मार्जरिनचा द्रवणांक जास्त असतो, ते टाळूला चिकटून राहतं. न चाखता ओळखायचं तर वास घ्या, आणि पिठाला थर देण्याची खोली वातानुकूलित आहे का विचारा. मे महिन्यात एसीशिवाय लोण्याचे थर टिकतच नाहीत, पिठात मुरून जातात. क्रोसाँसारख्याच दिसणाऱ्या इटालियन कोर्नेत्तोची तुलना क्रोसाँशी करू नका. त्याच्या पिठात अंडं आणि जास्त साखर असते, तो मऊच हवा.

डिसेंबरमध्ये पानेत्तोने (इटलीचा नाताळचा गोड पाव) घेणार असाल तर एक आकडा लक्षात ठेवा. इटलीच्या २००५ च्या नियमानुसार त्यात लोण्याचा स्निग्धांश किमान १६ टक्के आणि मनुका-संत्रासाल मिळून किमान २० टक्के लागतात. यादीत वनस्पती तेल असेल तर तो फळांचा केक समजून घ्या.

पीठ_पाणी_मीठ
टिकवण्याचं राहिलं होतं. पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, त्या तापमानाला तो सगळ्यात लवकर शिळा होतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात कापलेली बाजू खाली करून कापडी पिशवीत दोन दिवस ठीक. पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून आणला त्याच दिवशी काप करून झिप पिशवीत घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा. खाताना न वितळवता थेट टोस्टरमध्ये. अख्खा पाव नरम पडला असेल तर पाण्याचा हलका हात फिरवून ओटीजीत २०० अंशांना सहा-सात मिनिटं.

आणि ब्रुस्केत्तासाठी (लसूण-टोमॅटो लावलेला भाजका पाव) महागडा पाव शोधत बसू नका. जुन्या बेकरीतला कडक पाव आडवा कापून भाजला, वर लसूण घासला की टोमॅटोचं पाणी छान पेलतो. फक्त सकाळचा घाणा संपायच्या आत घ्या. संध्याकाळपर्यंत दमट हवेने तो चिवट होतो.