एकाच बेंचवर स्थानिक आणि परदेशी न्यायाधीश, मग सवलती वेगळ्या कशा?

तेजस्विनी_सातारा: नमस्कार मंडळी. दिवाणी बाजूची वकिली करते. न्या. मदन लोकूर आपल्या सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये फिजीच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यावरून बाररूममध्ये वाद पेटला. एक सीनियर म्हणाले, बाहेरून येणाऱ्याला तिकीट, राहण्याची सोय द्यावीच लागते. मला हे पटत नाही. एकाच निकालावर सही करणाऱ्यांच्या अटी वेगळ्या का? आपल्याकडे असं कधी होतं का?

निवृत्त_शिरस्तेदार: होतं तर, ताई! ब्रिटिश काळातल्या वरच्या सरकारी नोकऱ्यांबद्दलचा १९२४ चा ली कमिशनचा अहवाल मिळवून वाचा. आयसीएस म्हणजे तेव्हाच्या सनदी सेवेतले कितीतरी जण न्यायखात्यात जाऊन जिल्हा न्यायाधीश होत. कमिशनने युरोपियन अधिकाऱ्यांचा ‘ओव्हरसीज पे’ म्हणजे घरापासून लांब नोकरी करण्याबद्दलचा जादा पगार वाढवायला सांगितला, शिवाय नोकरीच्या काळात विलायतेला जाऊन-येऊन चार वेळचं बोटीचं भाडं, बायकोचंसुद्धा. निकष होता अधिवास आशियाबाहेरचा असण्याचा. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात तेच सेशन्सचे खटले चालवणारा भारतीय न्यायाधीश यात सहसा बसत नव्हता. बोटीच्या भाड्याबद्दल माझी तक्रार नाही, घर लांब असेल तर खर्च होतोच. पण पगारातच फरक केला की एकाच कामाची किंमत माणूस कुठला यावर ठरते. ते मला आजही सहन होत नाही.

१९५० मध्ये आपण काय केलं तेही बघा. राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुसूचीत हायकोर्टाच्या न्यायाधीशाचा पगार ३,५०० रुपये ठरला. आधीपासून खुर्चीवर असलेल्यांना जास्त मिळत असेल, तर वरची रक्कम ‘विशेष वेतन’ म्हणून चालू ठेवली. फरक राहिला, पण तो नेमणूक कधी झाली यावर. जन्म कुठे झाला याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

अॅड_कुलकर्णी: फिजीसारख्या लहान देशात वरच्या कोर्टासाठी अनुभवी माणसं मोजकीच. पक्षकार, वकील, न्यायाधीश सगळे एकमेकांच्या ओळखीतले. बाहेरचा न्यायाधीश तिथे गरजेचाच आहे, आणि त्याने पदरमोड करून यावं असं म्हणणं बरोबर नाही.

निवृत्त_शिरस्तेदार: कुलकर्णीसाहेब, तिकिटाचं मान्यच आहे. मला खटकते ती मुदत. फिजीच्या २०१३ च्या राज्यघटनेप्रमाणे तिथला नागरिक सर्वोच्च न्यायालयात पंच्याहत्तरीपर्यंत बसू शकतो. परदेशी न्यायाधीशाची नेमणूक जास्तीत जास्त ३ वर्षांची, मग पुन्हा नेमायचं की नाही याची शिफारस तिथला न्यायिक सेवा आयोग करणार, तीही सरकारच्या अॅटर्नी जनरलशी सल्लामसलत करून. सरकार पक्षकार असलेला खटला तिसऱ्या वर्षी बोर्डावर आला तर? लोकूरसाहेबांसारख्यांबद्दल शंका नाही, पण पक्षकाराच्या मनात ती येणारच. मुदत एकदाच द्या, थोडी मोठी द्या, फेरनेमणूक नकोच.

तेजस्विनी_सातारा: काका, मी भत्त्यांवरच अडून बसले होते, मुदतीकडे लक्षच गेलं नव्हतं. ली कमिशनचा अहवाल मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत बघायला मिळेल का?

निवृत्त_शिरस्तेदार: आधी फोन करून विचारा. नाहीतर हायकोर्टाच्या लायब्ररीत कुणी ओळखीचं असेल तर बघा.