इटालियन प्रलयपट: नुसती 'मॅड मॅक्स'ची झेरॉक्स?

खडूस प्रेक्षक:
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "ऐंशीच्या दशकातले इटालियन प्रलयपट (जग उद्ध्वस्त झाल्यानंतरचे मारधाडपट) म्हणजे 'मॅड मॅक्स'ची झेरॉक्स, तीही टोनर संपत आल्यावर काढलेली." वाक्य चटपटीत, म्हणून टाळ्या पडल्या. पण या महाशयांनी त्यातला एक तरी सिनेमा शेवटपर्यंत पाहिलाय का, याची मला दाट शंका आहे.

'मॅड मॅक्स २' आणि 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' १९८१चे. त्यांच्यावर आणि १९७९च्या 'द वॉरियर्स'वर डल्ला मारून इटालियन दिग्दर्शक एन्झो कास्टेलारीने १९८२ मध्ये '१९९०: द ब्राँक्स वॉरियर्स' काढला, हे कोण नाकारतंय? पण तो नदीकाठचा प्रसंग बघा. टोळ्या समोरासमोर, मोटरसायकलींवर कवट्या, कुठल्याही क्षणी मुडदे पडणार, आणि तिथेच एक इसम निवांत ड्रम बडवत बसलाय. कोण, कुठला, कशाला, काही खुलासा नाही. हे कुठून उचललं, दाखवा. शिवाय बाहेरची दृश्यं खऱ्या न्यूयॉर्कमधली. त्या काळातलं ब्राँक्स इतकं जळकं आणि ओसाड होतं की प्रलयाचा सेट लावायची गरजच नव्हती.

वाकडी वाट:
मीच तो झेरॉक्सवाला. कास्टेलारीचाच 'द न्यू बार्बेरियन्स' पाहिलाय, अगदी शेवटपर्यंत. मोटारींवर प्लास्टिकचे घुमट, खलनायकांच्या खांद्यांवर गाद्या, आणि गाड्यांचा वेग असा की आमच्या गल्लीतली पोरं सायकलवरून ओव्हरटेक करतील. तुमच्या याच कास्टेलारीने 'जॉज'वरून शार्कपट काढला तेव्हा 'जॉज'वाली युनिव्हर्सल कंपनी कोर्टात गेली आणि अमेरिकेत तो थिएटरांतून उतरवावा लागला. खोड जुनीच आहे.

रिळवाला:
खोड म्हणे! इटलीच्याच सर्जिओ लिओनेने १९६४ मध्ये आपल्या वेस्टर्नसाठी जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'योजिम्बो' उचलला, प्रकरण कोर्टात गेलं, तडजोडीत कमाईतला वाटा द्यावा लागला. तो अभिजात आणि हे भुरटे चोर?

तिकडे धंदाच असा चालायचा. आधी हर्क्युलीसपट, मग वेस्टर्न, मग पोलीसपट, एक लाट ओसरली की दुसरी. स्टंटवाले, कॅमेरावाले बरेचसे तेच. १९७५ मध्ये इटलीत वर्षाला पन्नास कोटींच्या वर तिकिटं खपत होती, दहा वर्षांनी साडेबारा कोटींच्या आसपास. खासगी टीव्हीने थिएटरं खाल्ली. मग परदेशात खपेल तेच काढणार ना? म्हणून दिग्दर्शकांनी इंग्रजी वाटतील अशी नावं घेतली: सर्जिओ मार्तिनोचा 'मार्टिन डॉलमन' झाला आणि जो दामातोचा 'स्टीव्हन बेन्सन' (मुळात 'जो दामातो' हेही टोपणनावच!). त्या मार्तिनोचा १९८३चा '२०१९: आफ्टर द फॉल ऑफ न्यूयॉर्क' बघा. जगात मूलच जन्मत नाही, मूल होऊ शकेल अशी एकच बाई उरलीय. याच कल्पनेवरचा 'चिल्ड्रन ऑफ मेन' २००६चा. करा हिशोब.

वाकडी वाट:
तो कादंबरीवरून आहे.

रिळवाला:
कादंबरी १९९२ची. पुढे?

मधली सुट्टी:
तुमचं चालू द्या, पण त्या डबिंगचं काय? सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलणार, आवाज नंतर चिकटवणार. 'न्यू बार्बेरियन्स'मधला तो गलोलवाला मेकॅनिक पोरगा आठवतो? तोच 'हाउस बाय द सिमेट्री' या इटालियन भयपटात आहे. इंग्रजी आवृत्तीत त्याचा आवाज म्हणजे मोठ्या बाईने नाक दाबून काढलेला लाडिक सूर. कान किटतात. सबटायटल द्या आणि विषय संपवा.

आपली माणसं:
सबटायटल द्या म्हणे. माझ्या आईला दोन ऑपरेशनांनंतरही खालची पट्टी वाचता येत नाही, तिने काय करायचं? इटलीत डी नीरो, पचिनो, स्टॅलोन, सगळ्यांना फेरुच्चो आमेन्दोला या एकाच डबिंग कलाकाराचा आवाज, आणि लोक त्यावर जीव टाकत. आम्ही मराठी डबिंग मागितलं की "हिंदी कळतं ना तुम्हाला?" कळतं हो. म्हणून काय कायम उसनंच बघायचं?

मधली सुट्टी:
आलं! धागा कुठलाही असो, गाडी इथेच येणार. तो डबिंगचा शौक मुसोलिनीने लावलाय, परक्या भाषेतले संवाद ऐकवायला बंदी होती. हा आदर्श?

आपली माणसं:
मुसोलिनी १९४५ मध्ये मेला. आमेन्दोला 'हीट'लाही होता, १९९५ मध्ये. त्यात डी नीरो आणि पचिनो एकाच टेबलावर येतात, तर पचिनोला आवाज दिला जानकार्लो जानिनी या दुसऱ्या नटाने. इतकी काळजी घेतात. आमच्याकडे सहा पात्रांना मिळून दोन आवाज.

माइकवाली:
वादात पडणार नव्हते, पण राहवत नाही. मी एका स्टुडिओत मराठी डबिंग केलंय. नट 'मूव्ह!' म्हणतो तेव्हा आधी ओठ मिटतो. तिथे 'सरक' टाकलं की सगळं हुकतं, म्हणून 'बाजूला!'. अशा एकेका शब्दासाठी आम्ही भांडायचो आणि वरून निरोप यायचा, "कोण बघतंय? संध्याकाळपर्यंत संपवा." भाषांतर तर हिंदीवरूनच. पैसे अजून बाकी आहेत.

मधली सुट्टी:
म्हणजे मी म्हणतो तेच ना, वाईट असतं!

माइकवाली:
घाईत केलेलं वाईट असतं. नीट वाचा.

खडूस प्रेक्षक:
लोकहो, विषय प्रलयपट आहे.

वाकडी वाट:
होता. असो, तो ड्रमवाला पाहिला आत्ता. चला, दोन तासांच्या ऐवजात चार मिनिटं अस्सल निघाली, अभिनंदन. बाकी मत कायम.

खडूस प्रेक्षक:
सिनेमा दीड तासाचा आहे.

आपली माणसं:
आणि मराठीत कुठे मिळेल?