आतेलिए मालिका कुठल्या गेमपासून सुरू करू? लढाईपेक्षा गोळा करणं आणि बनवणं जास्त आवडतं

वेर्ण्याची शिफ्टवाली

नमस्कार मंडळी. मी मडगावची, वेर्ण्याला एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. शिफ्ट बदलती, त्यामुळे कधी दुपारी तासभर मिळतो, कधी रात्री दोन तास. भाऊ जहाजावर गेला तेव्हा त्याचा निन्टेंडो स्विच, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, माझ्या हवाली करून गेला. त्यावर शेतीचे गेम मनापासून खेळले. त्यातही पेरण्या-विकण्यापेक्षा रानात फिरून पाला, दगड, लाकूड गोळा करायचं आणि त्यातून काहीतरी बनवायचं, हे मला सर्वांत आवडायचं. लढाई थोडीफार असली तर चालेल, पण सगळा गेम तिच्यावरच नको.

लॅबमधल्या मैत्रिणीने आतेलिए या जपानी मालिकेचं नाव सांगितलं. शोधायला गेले तर डोकं चक्रावलं. रायझाचेच तीन, सोफीचे दोन, शिवाय मारी, रोरोना, टोटोरी, आयेशा आणि आता युमिया. सुरुवात कुठून करायची? मधलाच एखादा घेतला तर गोष्ट कळेल का? ठरावीक दिवसांत काम संपवायची मुदत असते म्हणे, ती सगळ्यांत आहे का? माझ्या शिफ्टमध्ये मला ते झेपणार नाही. आणि ज्या हंड्यात माल टाकून वस्तू बनवायची, त्यात आपोआप माल भरणारं बटण असतं, ते वापरलं तर काही बिघडतं का?

केरीचा मास्तर

ताई, मी सत्तरीतल्या केरीचा. उच्च माध्यमिकमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि ही मालिका रोरोनापासून खेळत आलोय. तुम्ही जे आवडतं म्हणून लिहिलंय, नेमकं त्याच्यावरच ही मालिका उभी आहे: रानातून माल आणायचा आणि किमयेच्या हंड्यात घालून नवी वस्तू बनवायची. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आधी गुंता सोडवू. हे गेम बनवते गस्ट ही जपानमधल्या नागानोची कंपनी, आता कोएई टेक्मोचा भाग. पहिला गेम 'मारी' १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. तेव्हापासून मालिका गटागटाने येते आणि बहुतेक प्रत्येक गटाचं जग वेगळं. रोरोना, टोटोरी, मेरुरू हे आरलँडचे. आयेशा, एस्का आणि लॉजी, शॅली हे डस्कचे. सोफी, फिरिस, लिडी आणि स्युएल हे तिसऱ्या गटातले. रायझाचे तीन एकत्र. गट कुठलाही निवडा, काही अडत नाही, फक्त गटाच्या आत क्रम मोडू नका. रायझा २ ची गोष्ट पहिल्याच्या तीन वर्षांनंतरची आहे. ती आधी खेळलात तर पहिल्या गेममधल्या पोरांचा निरोप पाहायची मजा जाईल.

तुम्ही रायझा १ घ्या. २०१९ चा आहे, स्विचवर मिळतो आणि त्यात मुदत नाही. आवाज जपानी, खाली इंग्रजी मजकूर. वाचायला बरंच आहे, पण भाषा सोपी. रायझा ही कुर्केन बेटावरच्या शेतकऱ्याची मुलगी. शेतीच्या कामाला कंटाळलेली, लेंट आणि ताओ या दोन मित्रांना घेऊन होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर जाते. पुढे तिथल्याच रानात ही पोरं आपला लपायचा अड्डा बांधतात आणि त्याचीच किमयेची कार्यशाळा होते. जग वाचवायची घाई पहिल्या काही तासांत कुठेच नाही. बेटावरची माणसं लहानसहान कामं सांगतात, तुम्ही करता आणि हात बसत जातो.

आता खरी गोष्ट, गोळा करण्याची. रायझामध्ये एकच झाड तुम्हाला वेगवेगळ्या वस्तू देतं. हातातल्या काठीने झोडपलंत तर एक वस्तू पडते, कोयत्याने कापलंत तर दुसरी, कुऱ्हाडीने तोडलंत तर तिसरी. खडकाला हातोडा, किड्यांना जाळी, पाण्याला गळ. म्हणून नवं हत्यार बनलं की जुन्या वाटेवर परत जावंसं वाटतं, कारण रोज पाहिलेल्या झाडात आता काहीतरी नवीन असतं. चतुर्थीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीचं, सामान आणायला डोंगरावर गेलेला माणूस झुडपाकडे जसा बघतो, तशी नजर हा गेम तुम्हाला देतो. बाकीच्यांना तिथे नुसतं हिरवं रान दिसतं, त्याला घागऱ्या दिसतात, कांगलां दिसतात. टोपलीला मर्यादा आहे, भरली की परत फिरावं लागतं. त्यामुळे निघताना आज कशासाठी चाललोय हे ठरवून निघा.

हंड्यातलं काम तर त्याहून सुंदर. रेसिपी उघडली की पडद्यावर गोल दिसतात, एकमेकांना जोडलेले. प्रत्येक गोलात अमुक वस्तू किंवा अमुक प्रकारची वस्तू घालायची. वस्तूंमध्ये आग, बर्फ, वीज, वारा अशी तत्त्वं कमी-जास्त असतात. गोलाला हवं ते तत्त्व पुरेसं मिळालं की त्याचा गुण उघडतो आणि पुढच्या गोलाची वाट मोकळी होते. पण एकूण किती वस्तू टाकता येतील याला मर्यादा, आणि ती तुमच्या किमयेच्या लेव्हलप्रमाणे वाढते. सगळा खेळ इथे आहे. सहाच वस्तू घालता येत असतील तर त्यातल्या तीन आगीच्या गोलावर खर्च करायच्या, की दोन वस्तूंत भागवून तिसरी पुढच्या गोलासाठी राखायची?

आपोआप भरायचं बटण आहे. एखाद्याने मागितलेली साधी वस्तू पटकन करून द्यायची असेल तर खुशाल दाबा. पण हत्यार, चिलखत, बॉम्ब, औषध स्वतःच्या हाताने करा. काही गोलांत विशिष्ट वस्तू घातली की रेसिपीच बदलते आणि वेगळीच वस्तू तयार होते. रायझा १ मध्ये कितीतरी रेसिप्या अशाच मिळतात. सगळं बटणावर सोपवलं तर हा शोध तुमच्या वाट्याला येणारच नाही.

लढाईची चिंता नको. ती चालत्या वेळेत होते, तुम्ही थांबलात म्हणून शत्रू थांबत नाही, पण अवघडपणा कमी करता येतो. आणि चांगला बॉम्ब बनवलात तर लढाई अर्धी हंड्यातच जिंकलेली असते. शिवाय बनवलेली वस्तू इथे वापरून संपत नाही. वस्तू वापरायला लागणारा भार (चार्ज) संपला की एखादी वस्तू त्या फेरीपुरती निकामी करून भार परत मिळवायचा, कार्यशाळेत परतलात की ती पुन्हा तयार. म्हणजे एकच बॉम्ब जीव लावून बनवला तरी तो गेमभर साथ देतो.

म्हापशेकर

मास्तरांनी छान लिहिलंय, पण माझं मत वेगळं. ताईंना वेळ कमी आहे, रायझा मोठा आहे. त्यांनी २०२३ चा मारी रिमेक, म्हणजे जुन्या मारीची नव्याने बनवलेली आवृत्ती, घ्यावा. गोष्ट दोन ओळींची: अकादमीतली सर्वांत मागे पडलेली विद्यार्थिनी, शिक्षिका तिला एक कार्यशाळा आणि पाच वर्षं देते, तेवढ्यात काहीतरी दाखवण्यासारखं बनवलं तर ती पास. शहर छोटं, गोळा करायच्या जागा छोट्या, कागदी पुस्तकातल्या चित्रांसारखं सगळं. तासभर खेळून ठेवून दिलं तरी पुढच्या वेळी धागा सापडतो. आणि रिमेकमध्ये मुदत नसलेला प्रकारही दिलाय, त्यामुळे शिफ्टची अडचण नाही.

केरीचा मास्तर

म्हापशेकर, मारी मलाही प्रिय आहे. पण मुदत काढून मारी खेळा हे मी कुणालाच सांगणार नाही.

पाच वर्षं हा त्या गेमचा कणा आहे. लांबच्या जागी जायला दिवस लागतात, तिथे गोळा करण्यात दिवस जातात, परत येऊन हंडा ढवळण्यातही दिवस जातात. त्यामुळे 'आज कुठे जाऊ' या प्रश्नाला वजन येतं. जवळच्या रानात जाऊन साधं सामान भरायचं आणि छोट्या मागण्या पुऱ्या करायच्या, की आठवडा घालवून डोंगराकडे जायचं? मुदत काढली की दोन्हीचं उत्तर एकच होतं: दोन्ही करा, केव्हाही करा. गोळा करण्यातला निर्णयच मग उरत नाही.

रोरोनातही हेच. तिथे तीन वर्षं आणि राजवाड्याकडून येणाऱ्या बारा कामगिऱ्या, एकेकीला तीन महिने. कामगिरी लवकर झाली की उरलेले दिवस आपले. ते कुणासोबत, कुठे घालवायचे यातच गेमचा जीव आहे. टोटोरीत पोर हरवलेल्या आईचा शोध घेते आणि तीन वर्षांत साहसींचा परवाना टिकवण्याइतकं नाव कमवावं लागतं. आईचा शोध आणि कॅलेंडर यांची ओढाताण मला आजही त्या मालिकेतली सर्वांत सच्ची गोष्ट वाटते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मुदतीचे गेम मुदतीसकटच खेळावेत, आणि त्यासाठी आधी हंड्याची भीती गेलेली असावी. ताई, रायझा झाल्यावर मारी पाच वर्षांच्या मुदतीने खेळा. मुदत गेममधल्या दिवसांची असते, तुमच्या घड्याळाची नाही. सेव्ह करून आठवडाभर ठेवलंत तरी मारीचा एकही दिवस सरत नाही. हे नीट कळलं तर शिफ्टवाल्यांनाही हे गेम जमतात.

कुडचड्याचा

कोणी युमियाचं नाव घेत नाही म्हणून लिहितो. २०२५ चा आहे, स्विचवरही आहे. मोठं मोकळं जग, पळता पळता माल उचलायचा, जागोजागी तळ बांधायचा. त्या जगात किमया निषिद्ध मानलेली, म्हणून गोष्टही गंभीर. मला फिरायला तोच आवडला. सिंथेसिस, म्हणजे माल घालून वस्तू बनवणं, मात्र रायझाइतकं बारकाईचं वाटलं नाही.

केरीचा मास्तर

बरोबर बोललास बाबा. फिरण्यासाठी युमिया उत्तम. पण ताई लॅबमधल्या आहेत, त्यांना बारकावाच आवडेल. बारकाव्यासाठी रायझानंतर सोफी पाहा, २०१५ चा, पुढे डीएक्स आवृत्तीही आली. तिथे गोलांच्या जागी चौकटींचा पट असतो आणि प्रत्येक वस्तूला रंग आणि आकार. पटावर ते तुकडे बसवायचे. नव्या कल्पनाही सोफीला रानात काहीतरी उचलताना, लढताना, लोकांशी बोलताना सुचतात, आणि तिने वहीत रेसिपी लिहिली की तिच्यासोबतच्या बोलत्या पुस्तकाला आपली हरवलेली आठवण परत मिळत जाते. त्यामुळे रेसिपी लिहिणं हीच गोष्ट पुढे नेण्याची रीत होते.

वेर्ण्याची शिफ्टवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. रायझा १ घेतला. रात्रपाळी संपवून घरी आले आणि झोपायच्या आधी गवतापासून बनणारं ते पहिलं औषध केलं, ग्रास बीन्स. एकदा बटणाने केलं आणि एकदा हाताने, गोल बघून. हाताने केलेल्याचा गुण वरचा आला, आणि माल तोच होता! आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वस्तूच्या नावाखाली जे छोटे गुण दिसतात, 'ट्रेट' म्हणून, ते पुढच्या वस्तूत न्यायचे कसे? आणि गोळा केलेला सगळा माल ठेवू का विकून टाकू? पेटी भरत चाललीय.

केरीचा मास्तर

ताई, तुम्ही पहिल्याच दिवशी दोन्ही करून ताडून पाहिलंत, लॅबच्या माणसाचा हात आहे हा.

ट्रेट असे चालतात. कच्च्या मालावर जे ट्रेट असतील तेच तयार वस्तूत जाऊ शकतात, जास्तीत जास्त तीन. पण जागा आधी उघडाव्या लागतात. रेसिपीत काही गोल ट्रेटची जागा वाढवणारे असतात, ते भरले नाहीत तर कितीही चांगला माल टाका, ट्रेट बाहेरच राहतो. म्हणून सुरुवात त्या गोलांपासून आखा आणि मग उरलेल्या वस्तूंत गुणांचे गोल भागवा. एका वस्तूवरचा ट्रेट थेट हत्यारात नेता येत नसेल तर मधली पायरी शोधा: तो ट्रेट आधी धातूच्या विटेत किंवा कापडात न्या, मग ती वीट हत्याराच्या हंड्यात टाका. कुठल्या वस्तूतून कुठे जाता येतं याचा एक नकाशा डोक्यात तयार होत जातो. मी तो वहीत काढतो, डाव्या पानावर माल आणि तो मिळाला ती जागा, उजव्या पानावर त्यातून काय होतं. पावसाळ्यात केरीला वीज गेली की स्विच हातात आणि वही मांडीवर.

दर्जाचंही सांगून ठेवतो. दर्जा ९९९ पर्यंत जातो आणि मुख्यतः घातलेल्या मालाच्या सरासरीवर ठरतो. म्हणून एखादी हलकी वस्तू जागा भरायला म्हणून टाकू नका, ती सगळ्यांना खाली ओढते.

माल विकू नका. थोडं पुढे गेलात की जास्तीचा माल देऊन रत्नं मिळवता येतील आणि त्या रत्नांवर एखादी उत्तम बनलेली वस्तू जशीच्या तशी दुसरी करता येईल, ट्रेटसकट. बनलेली वस्तू पुन्हा उघडून तिच्यात आणखी माल घालायलाही तीच रत्नं लागतात. तोवर पेटीत जागा हवी असेल तर ज्याचा दर्जा कमी आणि ज्यावर एकही ट्रेट नाही तेवढंच काढा. कोयता झाला की पहिल्या रानात परत जाऊन आधी काठीने झोडपलेली झाडं कापून पाहा आणि काय मिळालं ते इथे लिहा.