शेंगेन व्हिसा: तुमच्या घरचे अनुभव सांगा

रानजाई
काल माळा आवरताना आईचा जुना पासपोर्ट सापडला. आत 2019 चा स्विस शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं तो. आई जाऊन दोन वर्षं झाली. ते पान बघत तिथेच बसून राहिले.

बाबा गेल्यावर तिला एकदा तरी स्वित्झर्लंडमधला युंगफ्राउचा बर्फाळ डोंगर दाखवायचं ठरवलं होतं. तिच्या नावावर ना नोकरी, ना टॅक्सचे रिटर्न. होती ती अडीच एकर आणि पोस्टातली ठेव. सातबारा, आठ अ काढले, इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घेतला. खर्च माझा, म्हणून माझे तीन वर्षांचे रिटर्न आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या सहीशिक्क्यासकट. एवढं सगळं झालं आणि ठशांपाशी अडलं. चाळीस वर्षं खुरपं आणि राखेने भांडी, रेषा राहणार कुठून? उजवा अंगठा काही केल्या उमटेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, केसांवरून फिरवा बोटं." आईने अंबाड्यावरून बोटं फिरवली, खोबरेल लागलं, आणि चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. बाहेर येऊन म्हणाली, "एवढं काय गं विचारतात? मी काय तिकडे राहणारे? जूनमध्ये पेरणी आहे माझी."

तुमच्याकडे काय झालं, लिहा. टिपाही चालतील.

माजघर
रडवलंस गं. सासूबाईंचं हेच झालं होतं, आधार काढताना. व्हिसाला आठवडाभर आधी रोज रात्री हाताला तूप चोळलं, पहिल्याच खेपेला उमटले. एकदा दिले की 59 महिने चालतात. बारा वर्षांखालच्या मुलांना द्यावे लागत नाहीत.

घाटावरचा
एंट्री किती ते बघा!! बहिणीचं कुटुंब पॅरिसला उतरलं, मध्ये तीन दिवस लंडन, मग ॲमस्टरडॅम. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढला होता, पण शेंगेनच्या स्टिकरवर एंट्री 01, म्हणजे एकदाच आत शिरता येतं. लंडनला गेले तिथेच ती संपली. परतताना विमानतळावर चेक-इनलाच अडवलं. ॲमस्टरडॅमचं हॉटेल बुडालं, चार जणांची मुंबईची तिकिटं ऐन वेळी काढली. भाची अजून ट्यूलिपचं नाव काढू देत नाही.

माजघर
अरे देवा. लेकरं हिरमुसली असतील.

सातपुडा
आमचा 2023 ला नाकारला. छापील फॉर्म असतो, त्यावर कारणासमोर खूण. आमची खूण "परत जाल याची खात्री वाटत नाही" या अर्थाच्या ओळीवर. नवऱ्याने अर्जाच्या आठवडाभर आधी एफडी मोडून चार लाख खात्यात टाकले होते, एजंटने सांगितलं म्हणून. असे एकदम आलेले पैसे उसने वाटतात. दुसऱ्या वेळी एफडी तशीच ठेवून तिची पावती जोडली, नोकरीचं पत्र मंजूर रजेच्या तारखांसकट घेतलं, आणि कव्हर लेटरमध्ये आधीचा नकार स्वतःहून लिहिला. दहा दिवसांत मिळाला. फी मात्र दोन्ही वेळा भरली, ती परत मिळत नाही. नाकारला तरी लपवू नका, नोंद असते.

नवखी२६
फी आता किती आहे? आणि अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथून काढू, असं एजंट म्हणतोय. आम्ही इटलीत 6 रात्री, ऑस्ट्रियात 2.

घाटावरचा
जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आत काही नाही. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. इटलीतूनच काढा! जिथे जास्त दिवस, तिथेच अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे आधी शिरणार तो देश. विमा किमान 30,000 युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांवर आणू नका.

मांडवीकाठ
थोडं विषयांतर. शेजारच्या काकूंचा जन्म 1961 च्या आधीचा, म्हापशाचा, गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं तेव्हाचा. त्यावर मुलाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं, आता लिस्बनला असतो. काकूंनी स्वतः नाही घेतलं, भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो ना. मग दर वेळी लेकाला भेटायला त्या फाइल घेऊन रांगेत उभ्या. नव्वद दिवस झाले की परत. गेल्या वेळी नात विमानतळावर पदर सोडेना.

सातपुडा
काकूंना सांगा, 2024 च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी नियम सैल झालाय. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल, म्हणजे कितीही वेळा ये-जा करता येईल असा, मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. राहायची मर्यादा तीच, 180 दिवसांत 90.

मांडवीकाठ
खरंच? आत्ताच जाऊन सांगते.

पहाटवारा
मागच्या महिन्यात जाऊन आलो. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, शिक्क्याऐवजी संगणकात नोंद. चेहऱ्याचा फोटो काढला, आईला चष्मा काढायला लावला. आणि व्हिसा आहे म्हणजे झालं असं समजू नका, अधिकाऱ्याने परतीचं तिकीट आणि हॉटेल विचारलं. कागद हातातल्या पिशवीत ठेवा, आमचे चेक-इन बॅगेत गेले होते.

माजघर
खायला काय नेलं? पेढे, खवा, पनीर, दुधाचं आणि मांसाचं काही नेता येत नाही. मी मेतकूट आणि भाजणी नेते.

नवखी२६
मेतकुटाचं प्रमाण द्या ना ताई. आणि रानजाई, आईंनी बर्फ बघितला का?

रानजाई
बघितला. 3,454 मीटरवर नऊवारीवर माझं जाकीट घालून उभी होती. मूठभर बर्फ उचलला आणि वितळेपर्यंत हातात धरून ठेवला. पेरणीच्या आठ दिवस आधी घरी होतो.

माजघर
हरभरा डाळ 2 वाट्या, तांदूळ 1, गहू अर्धी, उडीद डाळ अर्धी. मेथ्या चमचाभरच. बाकी रात्री लिहिते, कुकर झालाय.