डिसेंबरात दोन दिवस सायकलनं तोरणमाळ: मार्ग कसा आखावा?

तापीकाठची

राम राम मंडळी. डिसेंबरात एका शनिवार-रविवारी धुळ्याहून आम्ही चौघं निघणार आहोत. दोन रोड बाइक, दोन हायब्रिड. आखणी अशी: शनिवारी धुळे–दोंडाईचा–सारंगखेडा–शहादा–तोरणमाळ, रविवारी उतरून शिरपूरमार्गे परत. नकाशावर दोन्ही दिवस दीडशेच्या आसपास दिसतात. सपाटीवर शंभर किलोमीटर सगळ्यांना जमतात, घाटाचा सराव मात्र फक्त लळिंगचा.

हे दोन दिवसांत बसेल का? नाहीतर रावेर तालुक्यातल्या पालकडे जावं का? रोड बाइकला पुढच्या चाकांना ५०/३४ दात आणि मागच्यांना ११–२८ आहेत, तेवढं पुरेल का?

सातपुड्याचा_पायथा

ताई, बसणार नाही. या रस्त्याला किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. शहादा तापीच्या खोऱ्यात, तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर. म्हणजे जवळपास हजार मीटर चढायचंय, आणि तो चढ सगळ्या रस्त्यावर सारखा पसरलेला नाही. म्हसावद, राणीपूरपर्यंत सपाट किंवा नावापुरता चढ. खरी चढाई त्यानंतर, आणि सात पायरीच्या घाटात वळणांवर ती आणखी उभी होते. धुळ्याहून नव्वदेक किलोमीटर दामटून पाय संपलेले असताना, दुपारी तीनला घाटाशी पोचलात तर वर जाईपर्यंत अंधार. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कठडा नसलेल्या वळणावर अंधारात सायकल नको.

वेळेचा हिशोब असा करा: सपाटीला ताशी २० किलोमीटर धरा. चढाला किलोमीटर विसरा, ताशी ४०० ते ४५० मीटर उंची धरा. शहाद्यापासून पायथ्यापर्यंत दीड तास, घाटाला अडीच तास, थांबे मिळून एक तास. सात वाजता शहादा सोडलं तर बाराच्या सुमारास वर. म्हणून सायकली गाडीवर टाकून शुक्रवारी रात्रीच शहादा गाठा. मग शनिवारची दुपार यशवंत तलाव आणि सीताखाईला मिळेल. तोरणमाळला जायचं ते त्याच्यासाठीच ना?

रविवारी घाट उतरायची घाई करू नका. साडेआठनंतर उतरा, तोवर दव सुकलेलं असतं. वळणाच्या आतल्या बाजूला खडी साचते, तिथे ब्रेक दाबला की चाक घसरतं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारून वेग उतरवायचा, वळणात बोट हलकं ठेवायचं. रिम ब्रेक असेल तर सतत धरून ठेवू नका, रिम तापते. दाबा, सोडा, परत दाबा. आणि समोरून येणारी जीप वळण कापूनच येणार असं गृहीत धरून डाव्या कडेला राहा.

खाली आल्यावर शिरपूरचा नाद सोडा. शिरपूर–धुळे म्हणजे मुंबई–आग्रा महामार्ग, सायकलवरून बघण्यासारखं त्यात काही नाही. त्यापेक्षा शहाद्याहून प्रकाशाला जा, तापी-गोमाईचा संगम आणि केदारेश्वर बघून परत या. रस्ता सपाट आहे, थकलेल्या पायांना झेपेल.

तारीख ठरवताना पंचांग बघा. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा सुरू होते आणि तापीच्या पुलाकडे गर्दी लोटते. त्या दिवसांत गाडी दोंडाईचा–नंदुरबार–प्रकाशामार्गे शहाद्याला न्या. दुसरं म्हणजे उसाचा हंगाम. शहादा तालुक्यात पहाटे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या चालतात, बऱ्याचदा मागे दिवाही नसतो. उजाडायच्या आधी निघू नका, निघालातच तर लाल दिवा लुकलुकता आणि अंगावर रिफ्लेक्टरचं जॅकेट.

केळीपट्टा

पालबद्दल. चढ तोरणमाळच्या मानानं बराच सौम्य, त्यामुळे घाटाचा सराव नसलेल्यांना मी आधी पालच सांगेन. सावदा किंवा फैजपूरहून सुरुवात (१९३६ चं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं ते हेच फैजपूर), खिरोद्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग सुकी नदीच्या कडेनं सातपुड्यात शिरायचं. थंडीत सकाळी बागांना पाणी दिलेलं असतं, हवा गार लागते.

अडचण आहे ती बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गाची. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, सगळी गावं त्याच्यावरच ओवलेली. केळीचे ट्रक दिवसरात्र धावतात आणि साईडपट्टी जागोजागी खचलेली. या रस्त्यावर पाच-सात किलोमीटरच्या वर सायकल चालवायची वेळ येऊ देऊ नका. नकाशा दोन गावांमध्ये आपोआप महामार्गच धरतो, तेव्हा मधल्या गावांवर बोट ठेवून मार्गाची जीपीएक्स फाईल हातानं बनवा आणि ऑफलाईन उतरवून ठेवा. डोंगरात मोबाईलला रेंज धरू नका.

पाल भाग यावल अभयारण्याला लागून आहे. संध्याकाळी पाचच्या आत जंगलातून बाहेर या.

आणि कोणी कन्नड घाट सुचवेल, तर नको. चाळीसगावकडून फक्त पाटणादेवीपर्यंत जा, तो रस्ता सुंदर आहे.

चेन_आणि_काटा

११–२८ बद्दल. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरा, चढ आठ टक्के. ३४ ला २८ लावून पेडलचे मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ९ किलोमीटरच्या वर जातो आणि सुमारे १८० वॅट लागतात. मागे ३२ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना वेग ८ आणि सुमारे १६० वॅट. हे वीस वॅट अडीच तासांत जाणवतात. ताकद कमी पडली की फेरे ४५ वर येतात आणि गुडघे धरतात. ११–३२ कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) बसवा. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणारा) आखूड पिंजऱ्याचा असेल तर ३२ चालत नाही, लांब पिंजऱ्याचा लागतो. चेनही नवी मापून घ्या: डिरेलरमधून न नेता पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चाकांवर गुंडाळून वर दोन कड्या जास्त. चेन आखूड राहिली तर चुकून मोठ्या-मोठ्यावर गेल्यावर डिरेलर उपटून येतो.

आता काटे. खान्देशात पंक्चर होतं ते बाभळीच्या काट्यानं नाहीतर सराट्यानं. साईडपट्टीवर उतरू नका, सायकल उभी करायची तर उचलून न्या. ट्यूब बदलताना टायर आतून बोटं हळू फिरवून तपासा. सराट्याचं टोक तुटून रबरातच राहतं आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर करतं. प्रत्येकी दोन ट्यूब, चौघांत एक ठिगळांचा डबा. रोड बाइकला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवाच, गावच्या दुकानातला पंप त्याशिवाय बसत नाही. टायर २८ मिमी रुंद तरी हवेत, फ्रेममध्ये मावत असतील तर ३२. बत्तीसमध्ये ६० ते ६५ पीएसआय पुरे, शंभर भरून खडीवर नाचू नका.

पाणी तासाला ६०० ते ७०० मिली, त्यात चिमूटभर मीठ. राणीपूरला बाटल्या भरून घ्या. चढाआधी केळी, गूळ-शेंगदाणे. शेवभाजी वर पोचल्यावर खा, तर्री पोटात घेऊन घाट चढवत नाही.

तापीकाठची

मनापासून आभार. शुक्रवारी रात्री शहादा, शनिवारी वर, रविवारी उतरून प्रकाशा, असं ठरवतो. कॅसेट आणि चेन या आठवड्यात बदलते. दोनच गोष्टी राहिल्या: गाडी मिळाली नाही तर एसटीत सायकल जाईल का? आणि रात्रीसाठी गरम कपडे किती?

सातपुड्याचा_पायथा

एसटीचं कंडक्टरवर अवलंबून, आणि बऱ्याच बसला आता टपावर कॅरियरच नसतो. चार सायकली तर नाहीच. पिकअप ठरवा. सायकली आडव्या एकमेकींवर टाकू नका, उभ्या बांधा. डिरेलरची बाजू आतल्या अंगाला आणि दोन सायकलींच्या मध्ये गोणपाट.

हजार मीटर वर म्हणजे पायथ्यापेक्षा साधारण सहा अंश गार, पहाटे थंडी वाढतेच. एक जाड स्वेटर, कानटोपी. उतरताना हातमोजे पूर्ण बोटांचे घाला, बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबला जात नाही. मुक्कामाची सोय वर मोजकीच आहे, तेव्हा खोली पक्की झाल्यावरच पिकअपवाल्याला पैसे द्या.